आटे

पारोळ्याचा बँड मोडला
तेव्हा उखर्डू मास्तरांनी ओसरीवर चार बाजे मांडले.
मुलगी बघायला आल्यासारखे आम्ही सतरंजीवर बसलो,
चहा झाला, मग एकेकाला हात लावला.

पहिला मेरठचा, नवा, पत्रा पातळ,
टिचकी मारली तर रॉकेलच्या पिपासारखा बोलला.
दुसऱ्याला गळा होता, पण पोटात गळती.
तिसऱ्याबद्दल शब्बीर नुसता हसला.
चौथा कोपऱ्यात, गोणपाटाखाली,
तोंड एवढं मोठं की आत मांजर व्यायली होती.

ट्युबा म्हणतात याला, मास्तर म्हणाले,
भोंगा म्हणू नका.
महूच्या छावणीतून निघालेला,
कुणाच्या वरातीत, कुणाच्या उधारीत फिरत फिरत इथवर.
चौदा किलो.
माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं त्यांनी.
"दम शे का रे तुन्हा छातीमा?"

फुंकलं.
आधी मांजरीचे केस आले, मग बरीचशी नुसती हवा,
मग कोनाड्यातल्या तांब्यातलं पाणी हललं.
शब्बीर म्हणाला, मेरठवाला घे, हलका आहे,
मे महिन्यात खांद्याला कळेल.
बरोबरच होतं त्याचं.
मी गोणपाट मागून घेतलं, बांधायला.

घरी आल्यावर दिसलं, दुसऱ्या पिस्टनला बूड नाही.
खालचं झाकण. रुपयाएवढं.
रुपयाएवढ्या झाकणावाचून चौदा किलो मुके.

धुळ्यात आग्रा रोडचं एक दुकान सोडलं नाही.
मालेगावच्या भंगारात
एक माणूस म्हणाला, हे हुक्क्याचं असतं.
मेरठहून कार्ड आलं: यह माल बंद है, नया लीजिए।
स्प्रिंग मिळाली, केळीवर फवारायच्या पंपातली,
नमदा एका मेलेल्या पेटीचा,
थुंकी काढायच्या चावीला औषधाच्या बाटलीचं बूच.
झाकण मात्र नाही.
एक हंगाम सोड्याच्या बिल्ल्यावर आणि एमसीलवर काढला.
अमळनेरला ऐन वेशीत ते सुटलं,
स्प्रिंग उडून घोड्याच्या पायात,
घोडा एकीकडे, नवरदेव एकीकडे,
आणि नवऱ्याचा मामा सगळ्यांदेखत विचारतो,
बाजाला जुलाब झाले का?

भुसावळला खाचणे आप्पांकडे कुणी पाठवलं, आठवत नाही.
लोको शेडचे टर्नर, निवृत्त होऊन एकोणीस वर्षं,
परसात पत्र्याखाली लेथ, पत्र्यावर पंचेचाळीस अंश.
कान शेडनेच खाल्लेले, म्हणून सगळं पाटीवर लिहायचं.
आटे मोजायची पोलादी पानं त्यांनी
एकामागून एक लावून पाहिली, बाजूला ठेवली.
हे मिलिमीटरचे नाहीत, म्हणाले, इंचाचेही नाहीत.
ज्याने पाडले त्याच्या मनातले आहेत.
मग दोन दिवस नुसता बाजा मांडीवर घेऊन बसले.

तिसऱ्या दिवशी
वाफेच्या इंजिनाच्या जुन्या बुशीचा तुकडा चकात धरला.
संध्याकाळपर्यंत झाकण.
फिरवलं. कुठे करकर नाही,
शेवटचा फेरा फक्त बोटांना कळला.

वाजव, म्हणाले, आणि बाजाच्या तोंडावर तळवा ठेवला.
मी सगळ्यात खालचा सूर धरला, दम संपेस्तोवर.
त्यांनी डोळे मिटले नाहीत, मान डोलावली नाही.
तळवा जरा डावीकडे सरकवला.
इथे डाग उसवलाय, म्हणाले,
पुढच्या खेपेला ये.
चाळीस रुपये घेतले.

पुढची खेप लांबली. लग्नसराई होती, मग मी आळस केला.
गेलो तेव्हा लेथवर चादर,
आणि मुलाने बिस्किटाचा डबा पुढे केला:
तुमच्यासाठी ठेवून गेलेत.
आत तशीच दोन झाकणं, तेलाच्या चिंधीत.
चिठ्ठीवर त्यांचं अक्षर,
'दुसरा पिस्टन. मोजू नये, बसवून पाहावे.'

एक घरी आहे.
एक गणवेशाच्या खिशात, रुमालाच्या गाठीत.
उसवलेला डाग तसाच आहे, डावीकडे, मला कळतो.
पहिलं झाकण अजून सुटलेलं नाही.