जबाब्या

नंदुरबार सुटलं तसं बाबांनी मला खिडकीकडे सरकवलं.
"तू बस तथं. मले बठ्ठं दूध दूध दखास."
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुरतेला तारीख मिळालेली.
पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा
आणि डॉक्टरच्या कागदांची गुंडाळी.

झुलाल चावीवाला. एकतीस वर्षं
खांद्यावर हातोडा घेऊन ह्याच रुळांवरून चालला.
गाडी म्हणजे त्याच्या लेखी
खडीत उतरून, पाठ वळवून
जाऊ द्यायची गोष्ट.

खांडबारा मागे पडलं.
अनवाणी तळवा फरशीवर दाबत ते म्हणाले, वळण.
मग वळण आलं.
म्हणाले, नेसूचा पूल, आणि डब्याचा आवाज पोकळ झाला.
खाली पाणी थोडं, दगड फार,
एक बाई दगडावर गोधडी आपटत होती,
तिचा आवाज पूल संपल्यावर पोचला असेल.

सागाची पानं झडलेली. त्यामुळे टेकड्या
आत्ताच भादरलेल्या पोरांच्या डोक्यांसारख्या,
जखमांसकट.
समोरच्या बाकावर मोहाची फुलं भरलेली पाटी,
सगळा डबा त्या गोड, आंबूस वासाचा.

"आते जबाब्या येई," बाबा सावरून बसले.
गँगनं ठेवलेलं नाव. नकाशात नाही.
इंजिनानं शिट्टी दिली की हा डोंगर
तेवढीच शिट्टी परत देई, जराशी जाड करून.
धुक्यात ते तिच्यावरून अंतर मोजत.
एकदा तिच्यामुळेच वाचले म्हणे.

मी पाहिलं.
पिवळी यंत्रं, डंपरची रांग,
पायऱ्या पायऱ्यांनी कापलेली पांढरी भिंत
आणि तिच्या वर, डोंगर असायला हवा तिथे,
भरपूर आभाळ.

"उना का?"
"उना," मी म्हणाले.
"पळस शे का माथावर?"
"शे ना. फुललाय."
पळसाचं मी उगाच वाढवलं.

शिट्टी झाली. लांबलचक.
बाबांनी मान तिरकी केली,
तोंड थोडं उघडं,
दारात कुणी हाक मारली की करतात तसं.
चाकं वाजत राहिली.
मोहवाली बाई पदरानं माशी हाकलत राहिली.

चिंचपाड्याला चहा घेतला.
त्यांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला, पार निवेपर्यंत.
नवापूर आलं तेव्हा म्हणाले,
"परतीनं तिकीट
रातनं काढजो, माय."