खिळ्यावरची अंगठी

पहिल्या दिवशी गेथिन हातमोजे घालून आला.
पिवळे, कोरे, आईने कार्डिगनच्या बाजारातून आणलेले.
मी ते काढायला लावले. सरपण भरताना घाल, म्हटलं,
लेथपाशी नाही.
बोट दिलं की मनगट धरणारी माणसं असतात ना,
तसा हा.
फरक इतकाच, माणसं कधीतरी सोडतात.

बाह्या कोपराच्या वर. मफलर दाराबाहेर.
केस (माझ्यापेक्षा लांब) टोपीत कोंबून.
आणि बोटातलं ते चांदीचं काय? काढ.
मैत्रिणीने दिलंय, म्हणाला.
मी भिंतीकडे पाहिलं.

तिथे एक खिळा आहे. त्यावर माझी अंगठी.
एकतीस वर्षं सकाळी काढली, संध्याकाळी घातली,
कधी घालायची विसरले, तर चॅपलमध्ये कुजबुज.
हिशेब केला तर माझ्या बोटापेक्षा
त्या खिळ्यानेच संसार जास्त केला.
इल्टुड गेल्यापासून ती तिथेच असते.

ही ढाल त्याची. घाल.
हनुवटीच्या खाली यायला हवी. पट्टा आवळ.
मधोमध तो पांढरा ओरखडा दिसतोय,
भुवईपासून ओठापर्यंत?
सिकॅमोरचं वाडगं होतं, साधं, सूप प्यायचं.
लाकडात साल अडकलेली.
त्याने पाहिली होती. वेग कमी केला नव्हता.
बंदुकीसारखा आवाज येतो म्हणतात, तसा नाही आला;
ओल्या गोधडीवर काठी मारावी, तसा.
अर्धं वाडगं वर तुळईत रुतलं, अजून आहे.
अर्धं इथे.
त्या रात्री त्याने ढाल ताटाशेजारी मांडली
आणि मी लीकचं सूप वाढताना म्हणाला,
हिलाही वाढ.

उडणाऱ्या तुकड्याला तो भ्याला.
तरंगणाऱ्याला नाही.
बुरशीने काळ्या रेघांची नक्षी काढलेलं बीच,
उन्हाळ्यात येणारे लोक त्यावर जीव टाकायचे.
पॉलिशपेपर लावला की खिडकीतल्या तिरिपीत
ती धूळ इतकी देखणी दिसायची
की आम्ही दोघं काम थांबवून बघत बसायचो.
बघायचो, आणि श्वास घ्यायचो.
मास्क होता. त्याच खिळ्यावर, अंगठीच्या खाली,
वर्षानुवर्षं पांढराशुभ्र.
शेवटच्या हिवाळ्यात इल्टुड घरातला जिना
चार-चार पायऱ्यांच्या हप्त्यांनी चढायचा.

म्हणून आधी मास्क, मग ढाल.
दाढी असली की तो नीट बसत नाही.
हो, सगळी.

दुसऱ्या दिवशी गेथिन सगळी उतरवून आला.
हनुवटी नुकती कातून काढल्यासारखी,
मधे एक ब्लेडचा काप.
घरातलं सगळ्यात धोक्याचं हत्यार
न्हाणीघरात असतं, म्हटलं. तो हसला नाही.

चक हाताने एकदा फिरवून बघ. अडतंय?
टेका जवळ घे, बोटभर. आवळ. पुन्हा आवळ.
वेग सगळ्यात खाली.
आणि वाडगं ज्या रेषेत सुटेल
त्या रेषेत उभा राहू नकोस,
पिऊन आलेल्या मामाला दार उघडताना
आपण जसे बाजूला होतो, तसा हो.

तो झाला. मास्क, टोपी, ढाल:
त्याचं असं बाहेर काहीच उरलं नाही.
त्याच उंचीवर तोच ओरखडा,
माझ्या पोटात गलबललं.
पुढे होऊन ढालीवर टकटक केली.
कोण आहे?
आत थोडी वाफ धरली. मग दबका आवाज:
मी. गेथिन.
मग कर सुरू.

त्या गडबडीत मी स्वतः
कानांत बोळे घालायला विसरले,
म्हणून ऐकू आलं:
लेथ थरथरला, भिंत थरथरली,
आणि खिळ्यावरच्या दोन अंगठ्या
एकमेकींवर बारीक वाजू लागल्या.