पिवळी शेपटी

एरिमोच्या धक्क्यावर
साल्मनसाठी लावलेल्या जाळ्यात
सलग तिसऱ्या सप्टेंबरात
पुन्हा हाच:
पिवळ्या शेपटीचा, अंगानं जड, दक्षिणेकडचा.

किहाची म्हणतो, पाणी अजून
न्हाणीतल्यासारखं कोमट.
साल्मन? मोजून नऊ.

सेत्सुयोनं सुरी उचलली, ठेवली.
चाळीस वर्षं साल्मन चिरला त्या हातानं;
याचा काटा कुठं वळतो, कुणी सांगावं?

मग तोयामाला, नणंदेला फोन.
कसा करता हो तुम्ही हा?
मुळ्यासोबत, सोया सॉसमध्ये, मंद आचेवर...
सांगता सांगता ती थांबली.
मोठा आहे का?
हातभर. जरा जास्तच.

पलीकडे बराच वेळ
नुसता नळ वाहत राहिला.

गेल्या थंडीत आमच्याकडे
फिरकलाच नाही, ती म्हणाली.
आणि ऐक,
डोकं टाकू नकोस.
चव तिथंच असते.