नऊ वाजताची नोंद

सकाळी नऊला एड्ना क्विगली काठ उतरते,
चिखलात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचते,
वहीत लिहिते: ०.४० मीटर.
शेरा: पाणी हिरवं. वास आहे.

बाप फुटांत लिहायचा.
आजोबाच्या वह्या तर गाळानेच लिहिल्यासारख्या;
एका साली त्याने सलग अकरा महिने
एकच शब्द लिहिलाय: तळ.
त्या साली वाफेची बोट अडकली दोन वळणं खाली,
लोकरीचे सहाशे गठ्ठे पोटात घेऊन.
कप्तानाने आठवडाभर वाट पाहिली,
मग चाकाच्या सावलीत कोबी लावला,
मग खलाशी पांगले,
मग कोबी फुलावर आला.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
हिचं विचारलंच, तर वॉरेगो, कल्गोआ, बारवन...
उत्तरेला कुठेतरी ढग फुटतो
आणि पाणी चालत निघतं. चालतच.
जमीन इतकी सपाट की दिवसभरात
ते माणसाच्या पुढे जात नाही.
कित्येक आठवड्यांनी, लख्ख निळ्या आभाळाखाली,
दोरीवरचे कपडे कडकडीत वाळलेले असताना
पायरीशी पूर येऊन उभा राहतो.

यायचा, म्हणजे.
आता वाटेत पंप आहेत, कापसाची तळी आहेत क्षितिजाएवढी.
पाणी कागदावर पोचतं.

नकाशावर नदीला एका गव्हर्नरचं नाव: डार्लिंग.
पलीकडच्या काठावरची मॅव्हिस मावशी म्हणते बाका.
आणि आम्ही बारकिंजी, ती सांगते, म्हणजे बाकाचे.
एवढासा 'चे',
दीडशे वर्षं कोर्टाला तोच वाचता येत नव्हता.

एका जानेवारीत मासे वर आले,
पांढरी पोटं, या काठापासून त्या काठापर्यंत.
पट्टी झाकली गेली.
त्या दिवशी एड्नाने लिहिलं: वाचता आलं नाही.
मॅव्हिस मावशी शेजारी उभी होती, टोपी काढून.
दोघी एकमेकींशी काही बोलल्या असतील
तर ते वहीत नाही.

शेवट दूर दक्षिणेला आहे, मरेत मिसळून पार मुखाशी.
तिथे यंत्रं वाळू उपसत बसतात,
नाहीतर समुद्र आतून कडी लावतो.
एड्नाने तो कधी पाहिला नाही.

आज: ०.४१.
ती पुन्हा वाकून बघते. चष्मा पुसून बघते.
वारा असेल. बदक गेलं असेल.
कुणाला फोन करत नाही.
फक्त घरी आल्यावर
बूट खालच्या पायरीवरून उचलून
वरच्या पायरीवर ठेवते.