बिल्ला नंबर एक हजार एकेचाळीस

मे महिना. रात्रीचे साडेदहा, तरी लॅबच्या भिंती
भाकरी काढून घेतलेल्या तव्यासारख्या.
अक्कलकोट रोडवरनं एखादा माग अजून ऐकू येतो.
खटाखट, मग धागा तुटल्याएवढी शांतता,
मग पुन्हा खटाखट.

चाळीस मशीनं. कुठल्याही खुर्चीत बसा, नाव सांगा,
तुमचं घर कोपऱ्यातल्या काळ्या पेटीतून
तारेवरनं चालत येतं
आणि तुमच्यासमोर मांडी घालून बसतं.

इतकी वर्षं पेटी कुणाला काही विचारत नव्हती.
मशीन म्हणायचं, हा एक हजार एकेचाळीस,
पेटी म्हणायची, या.

सोमवारी तिसऱ्या वर्षाच्या एका पोरानं
स्वतःचा लॅपटॉप जोडला, शमा बागवानचा नंबर लावला
आणि तिच्या घरात हिंडून आला.
काही नेलं नाही सर, म्हणाला, फक्त पाहिलं.
शमा म्हणाली,
नेलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून आज मी आणि हे केर्बेरॉस.
परदेशी दारावरचा कुत्रा, तीन डोकी म्हणे.
आमच्या गेटवरच्या मोत्याला एकच,
तेही पायांत खुपसलेलं.

आता नुसता नंबर चालणार नाही.
आधी तिकीट घ्या, दहा तासांचं, म्हणजे एक पाळी आणि वर थोडं.
पेटीचीही किल्ली वेगळी, एका फाइलीत,
ती मी पेन ड्राइव्हवरनं नेऊन ठेवली,
हात पुसून. का पुसले, माहीत नाही.

पावणेबारा. घरं दिसतात, पण मालकाच्या जागी
सगळीकडे एकच शब्द: नोबडी.
रेवणसिद्ध म्हेत्रे, नोबडी. शमा बागवान, नोबडी.
चाळीस पोरं एका झटक्यात कुणीच नाहीत.
तासभर शोधलं. कॉलेजच्या नावात
एका बाजूला एक अक्षर जास्त होतं, बस्स.

नायनांचं असंच झालं होतं.
मिलच्या वहीत मुनीमानं मल्लेशमचं मल्हारी केलं,
तेलुगू नाव त्याच्या बोरूला पेलेना.
मिल बंद पडली, फंडाच्या खिडकीवर साहेब म्हणाला,
मल्हारी चिलवेरी आहे, तुम्ही कोण?
नायनांनी खिशातनं पितळेचा बिल्ला काढला. १०४१.
साहेबानं तो उलटून पाहिला, परत दिला.
सोळा फेऱ्या. सतराव्यांदा ते गेलेच नाहीत.

(शमाला हा नंबर मीच दिला होता.
तेव्हा लक्षात नव्हतं आलं.)

अक्षर काढलं. नावं परत आली.
फक्त चौदा नंबरचं मशीन हटून बसलं.
पासवर्ड बरोबर, किल्ली बरोबर, तार बरोबर,
तरी प्रवेश नाही.
मग त्याचं घड्याळ पाहिलं:
आतला सेल मेलेला, सात मिनिटं मागं.
पाच मिनिटांपलीकडचा फरक हे दार ऐकून घेत नाही.

भोंग्यानंतर पाच मिनिटांनी गेट बंद व्हायचं.
आत लूम सुरू, बाहेर डबा धरून उभा माणूस,
आणि गेटवाला त्याला रोज बघितलेला.

सेल बदलला. एक वाजून वीस मिनिटांनी
चौदा नंबरनंही घर उघडलं.
शेवटी मी स्वतः, पेटीबाहेरच्या मशीनवरनं,
सगळ्यांत मोठ्या नावानं शमाचं दार ढकललं.
नाही.
पुन्हा ढकललं. नाही.
बाटलीतलं कोमट पाणी प्यालो, उभ्यानंच.

घरी आलो तर नायना अंगणात बाजेवर, जागे.
उकाड्यानं झोप नाही.
किती वाजले, म्हणाले.
मनगटावर घड्याळ होतं त्यांच्या,
मिलच्या दिवसांपासनं सात मिनिटं पुढं लावलेलं.
दोन, मी म्हणालो.
त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मान हलवली,
आणि कूस बदलली.

ते घड्याळ मी कधी बरोबर करत नाही.