धारक

नोटीस आली ती माझ्या नावाने.
वाहनधारक : ज्योत्स्ना मुरलीधर ढमढेरे.
दुचाकी, पांढरी. बिबवेवाडीतल्या कुठल्याशा संकुलाचा खासगी वाहनतळ,
आत अकरा सात, बाहेर दोन बावन्न,
दंड साडेसातशे, चौदा दिवसांत भरल्यास चारशे.
खाली बारीक अक्षरात :
चालक आपण नसल्यास चालकाचे नाव कळवावे.

त्या मंगळवारी मी हिंजवडीत, सहकाऱ्याच्या कारमधून गेलेली.
ऑडिट होतं. डबासुद्धा चार वाजता उघडला.

फोटो जोडलाय. गाडीची मागची बाजू,
नंबर स्वच्छ, उजव्या आरशाला हेल्मेट,
आणि सीटच्या फटीत खोचलेला पेपर,
आठ घड्यांचा, शब्दकोडं वर येईल असा.
आमच्या घरात अशी घडी एकच माणूस घालतो.

मार्चमध्ये नाना पडले, गंगाधामच्या उतारावर.
गुडघ्याला सात टाके.
तेव्हापासून किल्ली मसुराच्या डब्यात.
नाना मसूर खात नाहीत,
एवढीच माझी हुशारी.

शनिवारी ती जागा बघून आले.
फलक आहे, म्हणजे आहे असं म्हणता येईल :
गुलमोहराच्या फांदीआड
'शुल्क' दिसतं, 'किती' दिसत नाही.
खुर्चीवर एक पोरगा, गळ्यात शिट्टी.
म्हणाला, मॅडम, आपण फक्त फोटो काढतो.
जिन्याशी पाट्या :
दातांचा दवाखाना, श्रवणयंत्रं, करसल्लागार,
जुनी नाणी विकत घेणारे कुणी ओसवाल,
तिसऱ्या मजल्यावर वधूवर सूचक मंडळ,
पुनर्विवाहासाठी स्वतंत्र कक्ष.
पावणेचार तास!
मी प्रत्येक पाटी दोनदा वाचली
आणि वर न जाता परत आले.

रात्री उत्तर लिहायला बसले.
नाना कोडं सोडवत होते. चष्म्यावरून म्हणाले,
'विनंती' नको. 'हरकत' लिही.
पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं
त्यांनी लोकांच्या हरकती फेटाळल्या.
कुठली फेटाळता येत नाही, हे त्यांना ठाऊक.
लिही, मी धारक आहे. चालक कोण हे दाखवणं आपलं काम.
लिही, फलक झाडाआड आहे, फोटो जोडला आहे.
जोडलायस ना?
जागेच्या मालकाशी झालेल्या कराराची प्रत द्यावी.
सबब, सदर आकारणी रद्द व्हावी. कळावे.

'चालकाचे नाव सांगण्यास मी बांधील नाही'
हे वाक्य त्यांनी सांगितलं तेव्हा
पेन्सिल कोड्यावरच होती, आडवे सतरा.
मी विचारलं, बांधील, ऱ्हस्व की दीर्घ?
दीर्घ, म्हणाले.

सही करताना दिसलं,
नाव तर त्यांनीच छापलंय,
माझ्या नावाच्या मधोमध, पाठ ताठ करून बसलेलं.
कुणी वाचलं नाही, त्याला मी काय करू.

धारक म्हणजे नक्की काय धरतो?
मी आरसी धरते, विमा, पीयूसी.
पडले त्या दिवशी रिक्षात त्यांचं कोपर धरलं होतं,
मग आठवडाभर अबोला.

कंपनीचं उत्तर आलं : विशेष बाब म्हणून तीनशे भरा.
उतरले म्हणजे घाबरले, नाना म्हणाले,
दुसरं पत्र काढ.

आज सकाळी मार्केट यार्डात जायला गाडी काढली.
मसुराचा डबा जागेवर, झाकण घट्ट, किल्ली आत.
आरसे मात्र दोन्ही
माझ्यापेक्षा वीतभर उंच माणसाला बघत होते.
मी ते हलवले नाहीत.
चौकापर्यंत मागचं एकही वाहन दिसलं नाही,
नुसत्या तारा, तिसऱ्या मजल्यांचे सज्जे,
आणि एका सज्जात चादर झटकणारी बाई.
कुणीतरी हॉर्न वाजवला,
मी डावीकडे झाले.