असावं

जानेवारीच्या वादळात बोटीच्या केबिनमध्ये पाणी शिरलं
आणि लॅपटॉप रात्रभर
खाऱ्या पाण्यात भिजत पडला.
भरती-ओहोटीची कोष्टकं, धक्क्याचं भाडं, उन्हाळ्यातली बुकिंगं,
सगळं त्यात.
रींक, माझा भाचा, फोनवर म्हणाला,
घाबरू नकोस मामा, फाइल आहे.

फाइल म्हणजे तीनशे बारा ओळी.
त्यात कुठेही 'हे कर, मग ते कर' नाही.
नुसतं असावं.
घड्याळ ॲम्स्टरडॅमचं असावं.
फ्रिशियनमधली टोपीवाली अक्षरं लिहायला एक कळ मोकळी असावी.
वाडन समुद्राचे नकाशे असावेत.
प्रिंटर असावा, तोच, कागद चावणारा.
कसं, ते सांगायचं नाही.
कसं, ते त्याचं तो बघतो.

चाळीस वर्षं मी बोट हाकली ती उलट रीतीने:
दोर सोड. शीड ओढ. डावीकडे घे, अगं डावीकडे!
घरातही तू असंच बोलतोस, चित्स्के म्हणायची.
मला नाही आठवत.

हार्लिंगनला, बंदरावरच्या स्वयंपाकघरात,
टेबलावर नवं यंत्र, पेनड्राइव्ह, वाटाण्याच्या सुपाचं पातेलं.
पहिल्या खेपेला अडलं:
ओळ अठ्ठ्याऐंशी, अर्धविराम नाही.
एवढ्याशा शेपटीसाठी अख्खं घर दाराबाहेर उभं.
शेपटी लावून दिली.
मग अक्षरं धावायला लागली,
एकेका वस्तूचं नाव हातभर लांब,
परदेशी पेटीवर शिक्क्यावर शिक्के मारावेत तसं.
तासाभराने पडदा उजळला.
माझं नाव दाखवलं.
त्याखाली आणखी एक.

चित्स्के.

ओळ दोनशे सहा: या नावाचं माणूस इथे असावं.
यंत्राने विश्वास ठेवला.
तिच्यासाठी खोली बांधली, कोरी, रिकामी,
दाराला तिच्या नावाची पाटी.
ती आता लेऊवार्डनला राहते, तिसऱ्या मजल्यावर,
सप्टेंबरात दोन वर्षं होतील.

बॅकअपमधून तिचं सामान काढून मी त्या खोलीत ठेवलं,
का ते विचारू नका.
मग ती ओळ खोडली आणि म्हटलं, पुन्हा घडव.
प्रत्येक घडणीला तिथे पिढी म्हणतात.
पिढी दुसरी: मी एकटा.
पण खोली पाडली नाही त्याने.
लिहिलेलं नाही म्हणून मोडून टाकत नाही तो, रींक म्हणाला,
फक्त ओळख विसरतो.
तिच्या गाठींची चित्रं, केकची मापं,
बोट लागलेल्या प्रवाशांची यादी,
सगळ्यांवर मालकाच्या नावाच्या जागी आकडा:
एक हजार एक.

गुरुवारी ती आली, धक्क्याच्या करारावर सही करायला.
मी आकड्याचं सांगितलं.
हसली. वकिलाच्या कागदात मी 'पक्षकार दोन' आहे, म्हणाली,
त्या मानाने बढतीच ही.
आदल्या दिवशीचं सूप होतं. वाटीभर घेतलं.
मीठ कमी आहे, म्हणाली,
समुद्राच्या काठावर राहून.
निघाली तेव्हा ओहोटी लागली होती,
चिखल लांबवर चमकत होता आणि त्यात
एक पक्षी चोचीने काहीतरी शोधत होता.

यंत्र सुरू करताना अजून विचारतं,
दुसरी पिढी की पहिली?
पाच सेकंद थांबतं.
बोललो नाही तर नवी धरून पुढे जातं.
जुनी झाडून टाक, रींक म्हणतो, फुकट जागा खाते.
हो, म्हणतो मी. बघतो.

त्या फाइलीत एक जाळीसारखी खूण असते,
तिच्यापुढे लिहिलेलं यंत्र वाचत नाही.
काल रात्री, दोनशे सहावी ओळ होती त्या जागी
ती खूण टाकली
आणि पुढे लिहिलं:
सुपात मीठ.